नावाआधीची रिकामी चौकट

शेलारबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॉम्प्युटरला 'जरा जास्त' असं सांगत होत्या. तोंडाने नव्हे, टाइप करून. पडद्यावर प्रश्न होता, 'हा फोटो किती सेकंद दाखवायचा?' त्यापुढच्या चौकटीत बाईंनी एका बोटाने, सावकाश, 'जरा जास्त' असं लिहिलं, बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या. कुणाच्या दारावरची बेल वाजवून माणूस बाहेर थांबतो, तशा. प्रोग्रॅम क्षणभर घुटमळला आणि सगळाच्या सगळा बंद पडला. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

ऑफिसातला तो माझा पहिला दिवस. नव्या माणसाने गप्प बसावं, हे मला कधीच जमलेलं नाही.

"मॅडम, सेकंदाच्या चौकटीत असं कोण लिहील हो?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. पन्नाशीच्या आसपासचं वय, फिकट निळी साडी, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.

"स्टुडिओत सगळी असंच सांगत्यात," त्या म्हणाल्या. "आजीचा फोटू जरा जास्त ठेवा, मामाचा जरा कमी. सेकंद सांगणारं गिऱ्हाईक मी तरी अजून बघितलं न्हाई."

नेरूळ स्टेशनच्या बाहेर, खाली मेडिकल आणि झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही, असं ते ऑफिस. आम्ही मोजकीच माणसं मिळून एकच वस्तू बनवायचो. फोटोंचा स्लाइड शो तयार करायचं मराठी सॉफ्टवेअर. लग्न, बारसं, साठी, श्रद्धांजली, सगळ्याचे तयार नमुने त्यात होते. फोटो टाका, नावं लिहा, गाणं निवडा आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावून द्या. पनवेलपासून कोल्हापूरपर्यंतचे छोटे फोटो स्टुडिओ ते विकत घ्यायचे. मी आधी एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. छापखाना बंद पडला, म्हणून इथे बटणांवरचे आणि सूचनांमधले मराठी शब्द लिहायला आलो. शेलारबाईंचं काम माझ्या उलट होतं. त्यांना चुका करण्याचा पगार मिळायचा. कुठल्या चौकटीत काय नको ते टाकलं की काय बिघडतं, हे शोधून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या निखिलला सांगायचं. आमची टेबलं शेजारी होती. त्या चूक करायच्या आणि त्या चुकीवर कॉम्प्युटरने काय बोलावं, ते मी लिहायचो.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, कोरेगाव तालुक्यातल्या. लग्न होऊन जुईनगरला आल्या आणि नेरूळच्याच एका स्टुडिओत अल्बम जोडायच्या कामाला लागल्या. गिऱ्हाइकं काय बोलतात, कुठे गडबडतात, हे तिथे त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्यामुळे त्यांच्या चुका मनच्या नसायच्या. एकदा सेकंदाच्या चौकटीत त्यांनी मराठीतला '५' लिहिला, तर आमच्या मराठी सॉफ्टवेअरने उत्तर दिलं, 'कृपया संख्या टाका.' बाईंनी निखिलला हाक मारून बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही संख्या न्हाई तर काय भाकरी हाय का रं?" निखिल म्हात्रे इथल्याच खाडीकाठच्या गावातला, तिशीचा, दोन लेकरांचा बाप, कामाला हुशार आणि तोंडाला फटकळ. पण त्या दिवशी तोही हसत सुटला.

फोटोच्या जागी लोक आधार कार्डाची झेरॉक्स चिकटवतात, गाण्याच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला काकांचा आवाज टाकतात, हे बाई आधीच करून ठेवायच्या. उलव्याच्या एका लग्नात तर मोठ्या पडद्यावर 'येथे वराचे नाव लिहा' हीच अक्षरं सनईच्या सुरात हळूहळू उमलली होती आणि खाली पंगत जेवत होती. बाई ती गोष्ट हसत सांगायच्या, पण शेवटी न चुकता म्हणायच्या, "नवरदेव बिचारा मान वर करून स्वतःचं नाव शोधत हुता."

मी आलो तेव्हा सगळ्या चुकांना मिळून एकच उत्तर होतं, 'अवैध नोंद!' तांबड्या अक्षरात, पुढे उद्गारचिन्ह. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला त्यावरून फैलावर घेतलं. "अवैध म्हणजे दारू, वाळू. पेपरात तसंच येतंय की. माणसानं आपल्या आजीचं नाव लिहिलं, त्यात अवैध काय आलं?" मी व्याकरणाचा मुद्दा काढणार होतो, पण काढला नाही. ते चिन्ह गेलं, तांबडा रंग गेला. मग बाई माझी प्रत्येक सूचना स्वतःशी पुटपुटत वाचायच्या आणि कुठेतरी अडकल्या की म्हणायच्या, "सामंत, हे ओरडल्यागत वाटतंय. काय चुकलं ते सांगा. तू चुकलास म्हणू नका."

दुसरा त्यांचा हट्ट पुसण्याबद्दलचा. चुकीचं काही लिहिलं की प्रोग्रॅम चौकट पुसून कोरी करायचा. बाईंना ते अजिबात सहन व्हायचं नाही. "चुकलं असंल, पण लिहिलंय त्यानं. ते तसंच दिसू दे. त्याच्या देखत पुसू नका." निखिलला ही जादा कटकट वाटायची. तरी तो ते करून द्यायचा, कारण बाई टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. त्यांच्या त्या उभं राहण्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

कामाबाहेर मात्र बाईंचा थांग लागत नव्हता. दुपारी सगळे एकत्र डबे उघडायचे, तेव्हा त्या खिडकीशी खुर्ची नेऊन खाली रस्त्याकडे बघत जेवायच्या. कुणी बोलावलं तर येऊन एखादी चटणी वाढून परत जायच्या. त्यात घमेंड नव्हती आणि राग तर नव्हताच. गळ्यात बारीक काळ्या मण्यांची पोत होती, कपाळावर काही नसायचं. संक्रांतीला ऑफिसातल्या बायका हळदीकुंकू करायच्या. बाई वाणाला सगळ्यांसाठी छोट्या डब्या आणून टेबलावर ठेवायच्या, पण कुंकवाची कोयरी त्यांच्यापर्यंत आली की "हात खरकटं हायत, थांबा," म्हणून उठून बेसिनकडे जायच्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत हात धूत राहायच्या. नको म्हणायच्या नाहीत आणि लावूनही घ्यायच्या नाहीत. मुलगी आहे, प्राजू, बँकेत लागली आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यापलीकडे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. मीही एकटाच राहतो. आई गेल्यापासून घरी बोलायला कुणी नाही, त्यामुळे न विचारण्याची किंमत मला कळते. मीही विचारलं नाही.

मग तो जिवंत काकांचा घोळ झाला. स्लाइड शोमध्ये प्रत्येक नावाआधी एक लहान चौकट असायची. श्री., सौ., चि., कै. यातलं काय लावायचं ते तिथे निवडायचं किंवा स्वतः लिहायचं. त्या चौकटीला 'उपाधी' हे नाव मीच दिलं होतं. कुणी काहीच निवडलं नाही तर प्रोग्रॅम यादीतला पहिला शब्द आपणहून उचलायचा. पुरुषांच्या यादीत अक्षरक्रमाने पहिला आला 'कै.' तेवढं आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाई त्या आठवड्यात गावाला गेल्या होत्या. नेरूळच्याच एका लग्नात नवरदेवाचे सख्खे काका पंगतीत जिलेबी खात बसलेले आणि समोरच्या पडद्यावर त्यांचा हसरा फोटो, खाली 'कै. दत्तात्रय' आणि पार्श्वसंगीत. काकूंना भोवळ आली. दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाला आमच्या साहेबांसमोर बसून तासभर बोलत होता.

साहेबांनी हुकूम काढला. यापुढे प्रोग्रॅमने आपणहून काही लावायचं नाही आणि उपाधीची चौकट रिकामीही सोडू द्यायची नाही. गिऱ्हाइकाने निवडलंच पाहिजे, त्याशिवाय पुढची स्लाइड उघडणार नाही. निखिलने ते एका दिवसात केलं. बाई गावाहून आल्या, त्यांनी ते तपासलं आणि निखिलला म्हणाल्या, "हे रिकामं सोडलं तरी चाललं पाहिजे."

आम्ही तिघं तेव्हा जिन्यातल्या टपरीवजा कट्ट्यावर चहा पीत होतो. निखिल वैतागलेलाच होता.

"मॅडम, आता रिकामा कोन सोडनार? श्री. हाय नायतर कै. हाय. मानूस एकतर हाय, नायतर नाय. मधी काय हाय?"

बाईंनी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला.

"प्राजूचे वडील मधी हायत," त्या म्हणाल्या.

आम्हाला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, अगदी चूक नोंदवताना सांगायच्या तशा आवाजात. नवरा न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. प्राजू सहावीत असताना एका सकाळी नेहमीसारखा कामावर गेला. ट्रेलर यार्डात आपल्या जागी लावलेला सापडला. किल्ली ऑफिसात जमा केलेली. डबा खाऊन, धुऊन, सीटवर ठेवलेला. माणूस मात्र नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, दुसरं काही असल्याचंही कुणाला सापडलं नाही. पोलिसांत तक्रार झाली, गावाकडे, पंढरपूरकडे, कोकणात शोध झाला. आता बारा वर्षं उलटून गेली होती.

"प्राजूचं लग्न ठरलंय," बाई म्हणाल्या. "कार्डावर माज्या भावाचं नाव घालून भागवलं. पर तिला हॉलमधी स्लाइड शो पायजे. त्यात वडिलांचा फोटू हाय, तिला खांद्यावर घेतल्याला. भावजी म्हणत्यात, बारा वर्षं झाली, पुतळा जाळून विधी करून टाका, कै. लिवा आन् मोकळ्या व्हा. कै. लिवलं की मी मारलं त्यास्नी. श्री. लिवलं की सगळा हॉल माज्या तोंडाकडं बघणार, कुठं हायत म्हणून. मग मी काय निवडू, सांगा. तुमचा कॉम्प्युटर तर पुढं जाऊच देत न्हाई."

निखिलने चाचरत सुचवलं, "मॅडम, तिथं नुसती स्पेस दाबा ना. त्याला वाटंल कायतरी लिवलाय." आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं. स्पेस दाबून चौकटीला फसवता येतं, ही चूक बाईंनीच काही महिन्यांपूर्वी पकडली होती आणि पाठीस लागून त्याच्याकडून बंद करून घेतली होती. बाईंनाही ते आठवलं असावं. त्या ओठांच्या कोपऱ्यात हसल्या.

मी त्यांना म्हटलं, दुसऱ्या कशातही हे करता येईल, मी स्वतः नावाची पट्टी बनवून देतो, चिकटवून टाकू. माझ्यातला छापखान्याचा माणूस लगेच उपायाला लागला होता. बाईंनी ऐकून घेतलं.

"माज्यापुरतं मी कसंबी करीन हो. पर माज्यासारखी अजून कोण बसली असंल कुठं, शिरोळात, न्हाईतर उरणात. तिनं रिकामं सोडलं की तुमी तिला सांगणार, असं माणूस नसतंयच. मागं फिर."

साहेबांपाशी हा विषय नेला तेव्हा मी सोबत होतो. साहेब वाईट माणूस नव्हते, पण जिवंत काकांनी त्यांना धसका दिला होता. ते म्हणाले, "शेलार मॅडम, हजारात एखादी केस. एका माणसासाठी आपण नियम कसा बदलायचा?"

बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरपुढं एका टायमाला एकच माणूस बसतंय, साहेब."

साहेबांनी पंखा बंद केला, मग पुन्हा चालू केला. शेवटी तोडगा निखिलनेच काढला. चौकट रिकामी राहिली तर प्रोग्रॅमने अडवायचं नाही. एकदा विचारायचं आणि माणूस हो म्हणाला तर पुढे जाऊ द्यायचं. अशाने विसरलेला माणूसही सावध होईल, काकाही वाचतील. साहेब म्हणाले, करा. आता तो प्रश्न काय विचारायचा, ते शब्द मला लिहायचे होते.

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ लिहिलं, पण त्या एका ओळीइतका मी कशानेच दमलो नाही. आधी लिहिलं, 'उपाधी अपूर्ण आहे.' बाईंनी वाचलं. "अपूर्ण कसं? नाव तर पुरं हाय की." मग लिहिलं, 'आपण उपाधी भरायला विसरलात का?' त्यावर त्या नुसतं म्हणाल्या, "विसरल्याली न्हाई." मी कागद फाडला. दिवसभर खोडत बसलो. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमाराला लिहिलं, 'नावाआधी काही लिहिलेलं नाही. असंच ठेवायचं?' आणि खाली दोन बटणं, 'असंच ठेवा' आणि 'लिहायचं आहे'. बाईंनी ते पुटपुटत वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "हां. हे ओरडत न्हाई." त्या दिवशी निघताना त्या माझ्याबरोबर जिना उतरल्या. एरवी त्या आधी जायच्या किंवा मागे थांबायच्या.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. जुईनगरमधलाच साधा हॉल, वर झालरी, कोपऱ्यात पडदा. बाई जरीची हिरवी साडी नेसून पाहुण्यांत फिरत होत्या, पण माझं लक्ष जाईल तेव्हा त्या कुठल्या तरी खांबाजवळ एकट्या उभ्या असायच्या. कन्यादानाला भाऊ-भावजय बसले. अक्षता पडल्या आणि पडदा सुरू झाला. प्राजूचे बाळपणीचे फोटो, शाळेचे फोटो आणि मग तो फोटो आला. ट्रेलरच्या भल्यामोठ्या चाकापुढे उभा असलेला एक सडपातळ माणूस, खांद्यावर फ्रॉकमधली पोर, दोघांचेही डोळे उन्हाने बारीक झालेले. खाली नाव, रघुनाथ शेलार. त्याआधी काही नाही. बाईंनी नवऱ्याचं नाव आमच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. मी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

तो फोटो जरा जास्त वेळ थांबला. हॉलमध्ये कुजबुज झाली. बाईंचे धाकटे दीर तरातरा आले. माणूस प्रेमळ असावा, पण घाबरलेला होता.

"वहिनी, नावाच्या पुढं लिवायचं राहिलं की."

"राहिलं न्हाई, भावजी," बाई म्हणाल्या. "ठेवलंय."

दीर खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसून पंगतीकडे गेले. निखिल माझ्या शेजारी होता. तो पडद्याकडे न बघता मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिला, पण त्याचे डोळे भरलेले मला दिसले. मला वाटलं, बाई जिंकल्या. त्या दिवशी तसंच वाटण्यासारखं होतं.

प्राजू सासरी नाशिकला गेली. पुढे आमचं ऑफिसही फार दिवस टिकलं नाही. आता मोबाइल आपला आपण फोटो निवडतो, गाणं लावतो, माणसं ओळखतो, कुणी काही लिहायचं उरलेलंच नाही, मग चुकणार तरी कसं? स्टुडिओवाल्यांनी आमचं सॉफ्टवेअर घेणं बंद केलं. साहेबांनी सगळ्यांना पेढे देऊन निरोप दिला. निखिल मोठ्या कंपनीत लागला. मी घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासू लागलो. बाईंनी दुसरी नोकरी धरली नाही. जुन्या स्टुडिओतून अल्बमचं थोडं काम घरी यायचं, ते करायच्या. कधीतरी फोन करायच्या. सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारी, गुडघा, प्राजूची खुशाली. मग बोलणं संपायचं, तरी फोन ठेवायच्या नाहीत. त्यांच्या घरातला पंखा मला ऐकू यायचा आणि माझा त्यांना येत असणार. मीही ठेवायचो नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला.

"सामंत, उरणला यायला जमंल का माज्यासंगट? दुपारपतोर परत येऊ."

रिक्षात बसल्यावर त्यांनी कशासाठी ते सांगितलं. उरणच्या बस स्टँडवर एक माणूस बसल्या जागी गेला होता. साठीचा, सडपातळ, उजव्या कोपराला भाजल्याचा जुना डाग. खिशात काही नाही. बाईंच्या तक्रारीत तसाच डाग लिहिलेला होता, म्हणून पोलिसांनी ओळख पटवायला बोलावलं होतं. असं बोलावणं या वर्षांत पुष्कळदा आलं होतं. कधी पनवेल, कधी पेण, एकदा थेट खोपोली. आम्ही शेजारच्या टेबलावर बसत होतो तेव्हाही. अर्धी रजा टाकून त्या जायच्या, बघून यायच्या आणि परत येऊन चौकटी तपासायला बसायच्या. कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

"एकटीनं जाऊन जाऊन कंटाळा आला," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या. रस्त्याने कंटेनरच्या रांगा चालल्या होत्या. प्रत्येक ट्रेलर ओलांडताना त्यांची मान ड्रायव्हरच्या खिडकीकडे वळत होती. मला वाटतं, ते त्यांना स्वतःला ठाऊकही नसावं.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला ती खोली होती. हवालदार सभ्य होता, त्याने बाईंना आधी पाणी दिलं. मला त्या म्हणाल्या, तुमी हितंच थांबा. मी आंब्याच्या झाडाखालच्या बाकावर बसलो. फार वेळ लागला नाही. त्या बाहेर आल्या, सही केली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"न्हवते," त्या म्हणाल्या.

मी सुटकेचा श्वास सोडला. काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हणालो, "चला, म्हणजे अजून आशा आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी दमलेली नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती.

"सामंत, त्यानं कापड वर करायच्या आधी मी मनात म्हटलं, असू देत. हेच असू देत. दरखेपेला देवाला म्हणायची, नसू देत. आज असू देत म्हटलं. नवऱ्याच्या मरणाची वाट बघितली मी, तिथं उभी राहून. आन् कापड काढलं तर कोण भलताच. तर मला त्या माणसाचा राग आला. मेल्याला. त्यानं माजं काय केलं हुतं? कुणाच्या तरी घरी त्याचीबी वाट बघत असतील की."

मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी स्पर्श केला नव्हता. त्यांनी तो काढला नाही. दवाखान्याच्या आवारात कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, लांब रस्त्यावर ट्रेलर घरघरत होते. बाई रडल्या नाहीत. तोंड उघडं ठेवून नुसता श्वास घेत राहिल्या.

तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला. नाशिकहून प्राजू. तिला सकाळीच सांगितलेलं असणार. बाईंनी पदराने चेहरा पुसला, घसा साफ केला आणि फोन कानाला लावला.

"न्हवते गं."

पलीकडून प्राजू काहीतरी बोलली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"व्हय," त्या म्हणाल्या, "बरं झालं की. तू जेवलीस का?"